विशेष मुलांच्या कलेच्या तासाचं सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गावर मी बरीच वर्षं आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका, वर्गातल्या मदतनीस मावशी, पालक आणि काहीतरी द्यावं असं मनापासून वाटणारी माणसं मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधावा.

सामानाची यादी करायला बसलोय. सुरुवात कुठून करू?

दुकानातून नको, मुलाच्या हातापासून करा. आठवडाभर काहीच विकत आणू नका. आहे त्या सामानात मुलं काय करतात ते फक्त पाहा आणि टिपून ठेवा. कोणाच्या हातातून खडू गळतो? कोणाचा कागद सरकतो? कोण डबा उघडायला दुसऱ्याकडे देतो? कोण रंगाचा वास आला की खुर्ची मागे ढकलतो?

माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा न राहणं) असलेला एक मुलगा होता. एक हात घट्ट मिटलेला, दुसरा बऱ्यापैकी चालायचा. चित्र काढायला बसला की दोन मिनिटांत खडू टाकून द्यायचा. त्याला आवड नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. मग एक दिवस मी त्याच्या शेजारी खाली बसून नीट पाहिलं. तो रेघ ओढायचा आणि रेघेबरोबर कागदच पुढे जायचा, कारण कागद धरायला दुसरा हात नव्हता. मास्किंग टेपचे चार तुकडे चार कोपऱ्यांना लावले आणि त्या दिवशी तो तास संपल्यावरही उठला नाही. इतके दिवस आम्ही त्याच्यासाठी वेगवेगळे रंग आणत होतो.

म्हणून माझी यादी वस्तूंच्या नावांनी सुरू होत नाही. डावीकडे मुलाची अडचण, उजवीकडे तिच्यावर काय चालेल ते. अशी यादी केली की निम्म्या वस्तू आपोआप गळतात.

तरी कमीत कमी काय हवंच?

कागद, आणि तो जाड. झेरॉक्सचा कागद साधारण ८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). जोरात दाबणाऱ्या हाताखाली तो फाटतो आणि ओल्या रंगाने विरघळल्यासारखा होतो. हातातला कागद फाटला की कित्येक मुलांना वाटतं, आपलं चुकलं. खडूसाठी १२० च्या पुढचा आणि पाण्याच्या रंगासाठी २०० च्या आसपासचा कागद घ्या. परवडत नसेल तर खोक्यांचा पुठ्ठा कापून वापरा, तो कितीही दाबला तरी टिकतो.

त्यानंतर मास्किंग टेप. ही मी कधीच संपू देत नाही. तिने कागद चिकटतो, वाटी टेबलाला धरून राहते, ब्रशची दांडी जाड होते, आणि काढताना टेबलाचा रंग निघत नाही.

जाड मेणखडू हवेत. तेलखडूही घ्या, कारण हाताला जोर नसला तरी ते गडद उमटतात. हाडकुळ्या पेन्सिलीच्या रेघेपेक्षा तेलखडूची एक छोटी रेघसुद्धा मुलाला आपली खूण वाटते. पाण्यात विरघळणारा पोस्टर कलर तीन मूळ रंगांत, पांढरा आणि काळा असा घेतला तर बाकीचे रंग वर्गातच तयार होतात. आखूड दांडीचे जाड ब्रश, स्पंज, मळायचा गोळा किंवा माती, पांढरा पाण्याचा गोंद, लोकर, कापडाचे तुकडे हेही लागतं. कडा असलेले ट्रे घ्या, म्हणजे खडू घरंगळून खाली जात नाहीत. हात पुसायला जुनी फडकी, अंगावर घालायला जुने मोठे शर्ट उलटे करून, बटणं पाठीवर येतील असे.

एवढ्यावर वर्षभर उत्तम काम चालतं. चमचमते कागद आणि टिकल्या मागाहून आल्या तरी चालतील.

वर्षाला किती लागेल याचा अंदाज कसा काढायचा?

सोपा हिशेब आहे. दहा मुलं, आठवड्याला दोन तास आणि वर्षात ३० आठवडे धरले तर ६०० कागद होतात. त्यावर फाटणारे, भिजणारे आणि "अजून एक" म्हणून मागितले जाणारे असे पाव हिस्सा वाढवा, म्हणजे ७५०. बहुतेक जण हा पाव हिस्सा विसरतात आणि शेवटच्या दोन महिन्यांत मुलांना "कागद जपून वापर" असं सांगावं लागतं. जपून रंगवणारं मूल मोकळं होत नाही. यादी लहान ठेवा, प्रकार कमी करा, पण संपणाऱ्या वस्तू भरपूर मागा.

मुलाला कात्री चालवता येत नाही. काय आणू?

आधी कात्रीचा कुठला भाग अडतोय ते पाहा, कारण अडचणी वेगवेगळ्या असतात.

मिटता येते पण उघडता येत नाही, असं असेल तर स्प्रिंगची कात्री. ती आपली आपण उघडते, मुलाने फक्त दाबायचं. बोटं भोकांत घालता येत नसतील तर पूर्ण मुठीत धरायची लूपची कात्री मिळते. तिला भोकंच नसतात, वरच्या बाजूला वाकवलेली लवचीक पट्टी असते. एकच हात चालत असेल तर कात्री लाकडी ठोकळ्यावर बसवलेली असते, टेबलावर ठेवून वरून तळव्याने दाबायची. हे शब्द दुकानदाराला कळले नाहीत तर चित्र दाखवा.

मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्रीच हवी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात घेतली की पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी फाकतात, कागद कापला न जाता मध्येच दुमडतो आणि कापायची रेघ पात्याआड जाते. मग आपण म्हणतो, याला जमत नाही.

कापायला पहिल्यांदा मऊ कागद देऊ नका, तो वाकतो. बोटभर रुंदीच्या कार्डशीटच्या पट्ट्या द्या, एका कचक्यात तुकडा पडला पाहिजे. त्या आवाजावर आणि पडणाऱ्या तुकड्यावर मुलं भयंकर खूश होतात. तुकड्यांचं कोलाज करता येतं, म्हणजे काही वाया जात नाही.

आणि कात्री नकोच असेल तर फाडा. कडेला नखाएवढी चीर देऊन ठेवली की दोन्ही हातांनी ओढून फाडता येतं. फाटलेल्या कडेची मजा कापलेल्या कडेला नाही.

ब्रश, खडू हातात टिकत नाही. जाड मूठ घरच्या घरी करता येते का?

येते, आणि विकतच्यापेक्षा बरेचदा चांगली होते, कारण ती त्या हाताच्या मापाची असते. पाइपवर चढवतात ती फोमची नळी कापून ब्रशवर बसवा. मऊ चेंडूला आरपार भोक पाडून त्यातून खडू घाला. केसांचे फोमचे रोलरही चालतात. मूठ अजिबात मिटत नसेल तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात ब्रशची दांडी खोचतात. तो कसा आणि किती घट्ट बांधायचा हे मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना) विचारूनच ठरवा. कातडीवर वळ उठतोय का हे दर थोड्या वेळाने पाहायचं, कारण काही मुलांना दुखलेलं सांगता येत नाही.

ज्या मुलाची बोटं चालतात पण सगळं मुठीतच धरतो, त्याला उलट खडूचा अगदी लहान तुकडा द्या. तो मुठीत मावत नाही, बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र हा उपाय नाही.

कागद उतारावर ठेवल्यानेही मनगटाला आधार मिळतो. साधारण २० अंशांचा उतार पुरतो. रिंगची जाड फाइल आडवी ठेवली की जवळपास तेवढा होतो, तिच्याखाली रबरी जाळी घाला म्हणजे ती सरकणार नाही.

माझ्या वर्गात दोन मुलांना दिसत नाही. त्यांच्यासाठी चित्रकलेचं सामान मागावं का?

जरूर मागा. चित्र बोटांनीही पाहता येतं. रबराच्या मॅटवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून शाई नसलेल्या टोकदार पेनाने रेघ ओढली की ती रेघ वर उचलली जाते. मूल काढता काढता आपलंच चित्र दुसऱ्या हाताने तपासू शकतं. हे मिळालं नाही तर खिडकीला लावतात ती बारीक जाळी पुठ्ठ्यावर ताणून बसवा, कडा टेपने झाका, वर कागद ठेवा आणि मेणखडू द्या. रेघ खरखरीत उमटते. गोंदाने काढलेली रेघ रात्रभर वाळू दिली की सकाळी बोटाला लागते. मेण लावलेली लोकर वाकवून कागदावर दाबली की चिकटते, उचलून पुन्हा वळवता येते.

थोडं दिसणाऱ्या मुलांसाठी रंगांची संख्या वाढवू नका, रंगांतला फरक वाढवा. काळ्या कागदावर पांढरा किंवा पिवळा खडू, पांढऱ्या कागदाखाली गडद ट्रे. कागद चकाकणारा नको, त्यावर पडलेला उजेड डोळ्यांत जातो. आणि रंगांच्या वाट्या रोज त्याच क्रमाने ठेवा. आपण आवरताना वाटी हलवली तर त्या मुलासाठी ती हरवलीच.

रंग हाताला लागला की मूल रडतं, हात झटकतं. सवय व्हावी म्हणून लावून घ्यावा का?

नको. जबरदस्तीने बुडवलेला हात पुढच्या तासाला टेबलाजवळही येत नाही. जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत रंग घाला, हवा काढून बंद करा, तोंडावर टेप मारा आणि टेबलावर चिकटवा. मूल वरून बोट फिरवतं, आत रंग सरकतो, हात कोरडा राहतो. लांब दांडीचे ब्रश, रोलर, चिमट्यात धरलेला स्पंज हेही चालतं. ओलं फडकं त्याच्या हाताशी, त्याला दिसेल असं ठेवा. हवं तेव्हा पुसता येईल हे कळलं की बरीच मुलं आपणहून एक बोट पुढे करतात.

वासाचंही असंच. उग्र वासाचे मार्कर आणि सुगंधी खडू यादीतून काढूनच टाका. वास आवडणारी मुलं ते चाटायलाही जातात.

सगळं तोंडात जातं. कुठलं सामान सुरक्षित धरायचं?

डब्यावर "नॉन-टॉक्सिक" असणं ही पहिली पायरी. खेळण्यांसाठीचं युरोपीय मानक ईएन ७१ आहे. त्याचा तिसरा भाग शिसं, कॅडमियम यांसारखी घातक द्रव्यं वस्तूतून किती बाहेर पडू शकतात यावर मर्यादा घालतो. अमेरिकेत कलेच्या सामानावर एएसटीएम डी-४२३६ या मानकाचा उल्लेख असतो. पण तो नुसता असला म्हणून वस्तू निर्धोक ठरत नाही. दीर्घकाळ वापराने धोका असेल तर तसा इशारा लेबलवर छापलेला असतो, तो वाचा. आणि नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याजोगं, असा अर्थ कोणीही घेऊ नये.

घरी केलेला पिठाचा गोळा निर्धोक आहे असं सगळ्यांना वाटतं. त्यात मीठ भरपूर असतं. चिमूटभर चाखलं तर खारट लागतं आणि मूल थुंकतं. पण चव न कळता खात सुटणारं मूल असेल तर एवढं मीठ जिवावर बेतू शकतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलालाही गव्हाचा गोळा चालत नाही, तांदळाच्या पिठाचा करा. अशा मुलांच्या टेबलावर गोळा मोजून द्यायचा आणि मोजून परत घ्यायचा.

स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांत लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी जास्त आढळते, कारण लहानपणापासूनच्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांचा त्या रबराशी वारंवार संबंध येतो. फुगे, हातमोजे, रबरबँड, काही खोडरबरं यांत लॅटेक्स असतं. हे दान म्हणून खोकं भरून येतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. यादीत "लॅटेक्स नको" असं मोठ्या अक्षरात लिहा.

गळ्यात अडकणाऱ्या वस्तूंसाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची. आपल्या मुलाचं वय बारा असेल, पण सगळं तोंडात जात असेल तर त्याला हीच मोजपट्टी लावा. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी थोडी मोठी असते, तिच्यातून आरपार जाईल ते टेबलावर नको. बटण सेल, छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे मणी तर वर्गातच नकोत, कपाटातही नकोत.

पैसे नाहीत. कोणाकडे आणि कसं मागायचं?

"मुलांसाठी काहीतरी द्या" असं मागितलं की काहीतरीच येतं. नेमकं मागा. मी लिहिते ते पत्र साधारण असं असतं:

"आमच्या वर्गात दहा मुलं आहेत. त्यांतल्या तिघांना कात्री नेहमीसारखी धरता येत नाही. त्यांच्यासाठी स्प्रिंगच्या तीन कात्र्या हव्या आहेत, त्यांतली एक डाव्या हाताची. शिवाय २०० जीएसएमचे पांढरे ३०० कागद हवे आहेत. हे सामान सप्टेंबरपर्यंत मिळालं तर मुलं त्यातून भिंतीवरचं एक मोठं चित्र करतील आणि त्याचा फोटो आम्ही आपल्याला पाठवू."

वस्तू, संख्या, कारण आणि तारीख. एवढं असलं की माणूस लगेच ठरवू शकतो. फोटो कामाचा, मुलाच्या चेहऱ्याचा नाही. मुलाचं नाव किंवा निदानही पत्रात घालू नका. कोणाचा आजार दाखवून खडू मिळवायचे नसतात.

कुठली समिती "कला हा जादाचा खर्च" म्हणाली तर त्यांना अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार दाखवा. तो १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला. त्याच्या तिसाव्या कलमात म्हटलं आहे की अपंग व्यक्तींना आपली सर्जनशील, कलात्मक आणि बौद्धिक क्षमता वाढवण्याची आणि वापरण्याची संधी मिळावी, त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी आणि समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. मी हे वाक्य दोनदा बैठकीत वाचून दाखवलं आहे आणि दोन्ही वेळा कागद मिळाले.

विकत न घेता मिळणारं पुष्कळ असतं. छापखान्यात कागदाच्या कापलेल्या पट्ट्या पडून असतात, शिंप्याकडे चिंध्या, फ्रेम करणाऱ्याकडे जाड पुठ्ठ्याचे चौकोन. एकदाच भरपूर आणण्याऐवजी दर महिन्याला एक पिशवी मिळेल असं ठरवून घ्या.

लोक जुनं, वापरलेलं सामान देतात. नाही कसं म्हणायचं?

हा विषय माझ्या फार जिवाशी आहे. एका वर्षी आम्हाला तीन खोकी भरून स्केचपेनं मिळाली. एका मुलीने आनंदाने लाल पेन उचललं, कागदावर ओढलं, काही उमटलं नाही. दुसरं घेतलं, तेही वाळलेलं. पाचव्या पेनाला ती माझ्याकडे वळली आणि तिने आपला हात मला दाखवला. पेन बिघडलंय हे तिच्या मनातही आलं नव्हतं, तिला वाटलं तिचा हातच बिघडला. त्या संध्याकाळी मी तिन्ही खोकी तपासली आणि चालणारी पेनं एका डब्यात मावली.

तेव्हापासून आम्ही "फक्त चालू स्थितीतलं सामान" असं आधीच सांगतो आणि दिलेली प्रत्येक वस्तू मुलांच्या हाती जाण्याआधी ओढून पाहतो. राग कोणी धरत नाही. मेणखडूचे तुकडे मात्र आवर्जून घ्या, ते वितळवून मोठे गोल खडू होतात. वितळवण्याचं काम मोठ्यांचं, आणि थेट आचेवर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून.

महागडी खास साधनं घ्यावीत का?

एक मागवा, महिनाभर वापरा, मग ठरवा.

मूल स्वतः काही करत नाही, आम्हीच हात धरून करून घेतो. सामान वाया जातंय असं वाटतं.

हात धरून काढलेलं चित्र तुमचं असतं. तुमचा हात वरून धरण्याऐवजी त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे त्याला हवं तेव्हा हात काढून घेता येतो. आणि मदत कुठल्या भागात करायची हे ठरवा. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चित्रकार आंरी मातीस बराच काळ अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत असायचे. त्यांचे मदतनीस कागद रंगवून ठेवायचे, ते आकार कात्रीने कापायचे आणि भिंतीवर कुठे लावायचे ते सांगायचे. ते काम मातीसचं नाही असं कोणी म्हणत नाही. तुम्ही गोंद लावा, तुकडा कुठे ठेवायचा ते मुलाला नजरेने दाखवू द्या.

कदाचित सामानच चुकीचं असेल. अमेरिकेतली ज्युडिथ स्कॉट डाउन सिंड्रोम असलेली आणि ऐकू न येणारी बाई. साधारण ३५ वर्षं संस्थांमध्ये काढल्यावर १९८७ मध्ये ती ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात येऊ लागली. रंग, खडू दिले, तिला त्यात रस वाटला नाही. असा बराच काळ गेला. मग तिच्या हाती धागे आले. ती मिळेल ती वस्तू घेऊन तिच्याभोवती लोकर, दोरे, कापड गुंडाळत राहिली, महिनोन्‌महिने एकेका शिल्पावर. २००५ मध्ये ती गेली तोपर्यंत ती गुंडाळत होती, आणि तिची शिल्पं आज संग्रहालयांत आहेत. तिच्या हाती धागे येईपर्यंत केंद्राने वाट पाहिली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

म्हणून लोकर यादीत ठेवा, मागणारं मूल अजून वर्गात नसलं तरी.

एक मूल रोज फक्त निळाच रंग वापरतं. बाकीचे तसेच पडून आहेत.

निळा जास्त आणा.

सामान टिकवायचं कसं?

पारदर्शक डबे, झाकण सहज निघणारे. डब्यावर नुसतं नाव नको, आतली खरी वस्तू बाहेर चिकटवा: एक खडू, लोकरीचा वेढा, स्पंजचा तुकडा. न वाचणारं मूलही आणि न दिसणारं मूलही आपला डबा आपण आणतं.

स्केचपेनं आडवी ठेवा. टोपणं दाबून बसवायला ज्यांच्या बोटांत जोर नाही, त्यांच्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात टोपणं उलटी पक्की चिकटवा. पेन वरून खोचलं की बंद. ठोकळा आडवा करून ठेवता येतो. ब्रश धुऊन झाल्यावर केस वर करून बरणीत उभे करू नका, पाणी दांडीत उतरतं आणि केस सुटतात. फडक्यावर आडवे वाळवा. आवरण्याचं काम मुलांनाच द्या आणि त्यासाठी तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. माझ्या वर्गात एका मुलाचं आठवड्यातलं आवडतं काम तेच आहे, सगळी पेनं ठोकळ्यात खोचून प्रत्येकाचा टक् आवाज ऐकायचा.